हिटर बंद करा म्हणावं

"हिटर बंद करा म्हणावं."

नाना दाराबाहेर उभे होते. पाठ माझ्याकडे, तोंड अंगणाकडे. आतल्या खोलीत मी पोटाशी उशी धरून कुशीवर पडले होते आणि शेजारी टोपडं-मोजे घातलेली माझी लेक होती. तिसरं कोणी नव्हतं. तरी नाना 'म्हणावं' म्हणत. सासूबाई होत्या तेव्हा माझ्यासाठीचे निरोप त्यांच्या तोंडून यायचे. त्या गेल्या, निरोपाची रीत तेवढी मागे राहिली.

"बाळाला थंडी लागेल, नाना," मी म्हटलं.

बाहेर घसा खाकरला.

"मीटर फार पळतंय."

एवढं बोलूनही ते हलले नाहीत. अजून काहीतरी बोलायचं असावं तसे उभे राहिले, चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि ओसरीवर गेले. पायमशिनची खडखड सुरू झाली. मी हिटर बंद केला नाही.

माझे सासरे शिंपी. निफाडजवळच्या त्या गावात चार वाटा मिळतात तिथे त्यांची ओसरी, ओसरीवर मशीन, आणि मागे पत्र्याच्या दोन खोल्या. तिकडची थंडी पेपरात छापून येते. माझं माहेर पनवेलकडचं. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायाशी एक चादर ओढून घ्यायची, बस. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी सकाळी हंड्यात हात घातला आणि बोटं तुटून पडतात की काय असं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाई तेव्हा होत्या. म्हणाल्या, "रडू नको, ते पाणीपण गार होईल."

त्या घरात हिवाळ्याचे कायदे होते आणि ते सगळे नानांचे होते. दिवाळी झाली की ते पत्र्यावर उसाचं पाचट पसरून वर जुनं जाळं बांधत. खिडक्यांना आतून पोती शिवून लावत. शिवणकामातल्या चिंध्या ठासून त्यांनी मनगटाएवढ्या जाडीच्या लांबलचक गुंडाळ्या केल्या होत्या. त्या रात्री दारांच्या फटींशी लावायच्या. डाळीला दोन उकळ्या आल्या की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचं, डाळ आपली आपण शिजते. आंघोळ सकाळी करायचीच नाही. काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा अंगणात उन्हात ठेवलेला असे. दुपारी ते पाणी कोमट झालं की द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर थोडं तापवून घ्यायचं. बाहेर दिवा लागला तर आतला बंद. आणि विजेचं बिल आलं की नाना ते दारात उभे राहून अथपासून इतिपर्यंत वाचत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "हं."

गावात त्यांना चिक्कू म्हणायचे. मीही मनात म्हणायचे.

लेक झाली ती आठव्या महिन्यात. बाळंतपणाला पनवेलला जायचं ठरलं होतं, पण त्याआधीच एका दुपारी दुखू लागलं. आमचे हे, म्हणजे दिगंबर, तेव्हा कांद्याचा ट्रक घेऊन निघायच्या बेतात होते. त्याच ट्रकातून मला सरकारी दवाखान्यात नेलं. पोट उघडून मूल काढावं लागलं. इवलंसं मूल, मांजराच्या पिलासारखं, त्वचेखालून निळ्या शिरा दिसणारं. काचेच्या पेटीत ठेवलं, मग काही दिवसांनी तिथल्या गांगुर्डे सिस्टरनी ते माझ्या उघड्या छातीवर पालथं घातलं आणि वरून आम्हां दोघींना चादरीत बांधलं.

"हीच हिची पेटी आता," त्या म्हणाल्या. "अंगाला अंग. घरी गेल्यावरही जितका वेळ जमेल तितका. हिला स्वतःची ऊब धरता येत नाही अजून."

ते मला जमत होतं. तिचा श्वास माझ्या गळ्याखाली लागायचा. दवाखान्यात आई सोबत होती. पण तिकडे बाबा अर्धांगाने अंथरुणावर. आम्ही घरी आलो तशी तिला परत जावं लागलं. ह्यांनाही ट्रकवर जाणं भाग होतं. बंगालची फेरी, पंधरवडा तरी लागणार. जाण्याआधी ह्यांनी निफाडहून एक हिटर आणला, लाल तारांचा. "पैशाचं बघू नको, लाव," म्हणाले.

हे गेले आणि माझे टाके पिकले. ताप चढायचा, अंग थडथडा उडायचं, पोटावर साधी ओढणी सहन व्हायची नाही. सिस्टर घरी येऊन टाके धुवून गेल्या, औषधं दिली. पण लेक छातीशी धरायची म्हटलं तर माझेच दात वाजत. दूध पिळून वाटीतून बोंडल्याने पाजायचं, दुपट्यात गुंडाळून शेजारी ठेवायचं आणि हिटर तिच्याकडे वळवायचा, एवढंच मला जमत होतं. शेजारच्या सुमनवहिनी दोन्ही वेळचं जेवण करून जायच्या. बाळाला न्हाऊमाखू घालायच्या. आणि दिवसातून एकदा, कधी दोनदा, नाना दाराशी येऊन पाठमोरे उभे राहायचे.

"हिटर बंद करा म्हणावं."

मी तापात होते. मला वाटायचं, हा माणूस आहे की दगड? स्वतःची नात आहे. तिच्या उबेचे युनिट मोजतो?

त्याच दिवसांत नानांचं वागणं थोडं बदलल्यासारखं वाटत होतं, पण त्याचा अर्थ लावायची ताकद माझ्यात नव्हती. ओसरीवरून विडीचा वास यायचा थांबला. मला वाटलं, विडीतही काटकसर सुरू झाली. आणि सकाळी न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. नाना, ज्यांनी सबंध घराला दुपारची आंघोळ लावली, ते भल्या सकाळी गार पाण्याने आंघोळ करत होते. हुहुहु करत, मग घाईने अंग पुसत. सुमनवहिनी म्हणाल्या, "नानांनी कसला नेम धरलाय का गं?" मी म्हटलं, "काड्या वाचवत असतील."

संक्रांतीच्या आधी गारठा एकदम वाढला. बागाईतदार रात्र-रात्र द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसायचे. घराघरात शेगड्या, मळ्यांत मोटारी. एका तिन्हीसांजेला बाहेर मोठा आवाज झाला. सुतळी बॉम्ब फुटावा तसा. आणि हिटरच्या लाल तारा माझ्या डोळ्यांदेखत काळ्या पडल्या.

"डीपी जळाली," रस्त्यावरून कोणी ओरडत गेलं. "चार दिवसांची निश्चिंती."

सुमनवहिनी घरी गेल्या होत्या. मी चाचपडत कंदील लावला. खोली इतक्या लवकर गार होईल असं वाटलं नव्हतं. पत्रा वरून थंडी ओतत होता. मी लेकीला आणखी एका दुपट्यात गुंडाळलं, माझी शाल घातली, गोधडी ओढली. थोड्या वेळाने पाजायला घेतलं तर तिने तोंड उघडलं नाही. दूध ओठाच्या कडेने गळून गेलं. मोजा काढून पाय हातात घेतला. नदीतला गोटा हातात घ्यावा तसा तो पाय होता. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी चोळीची बटणं काढली, तिला छातीशी घेतलं. पण माझंच अंग तापाने हुडहुडत होतं. ती माझ्यावर हलत होती, हिंदकळत होती. धरताच येईना.

"नाना," मी हाक मारली. आवाज बाहेर पोचला की नाही कळलं नाही. पुन्हा मारली. "नाना, बाळ गार पडलंय."

आणि नाना आत आले. लग्न झाल्यापासून त्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडलेला मी पाहिला नव्हता. कंदिलाच्या उजेडात ते माझ्याकडे न बघता बाळाकडे बघत होते. त्यांनी गुडघे टेकले, बाळाच्या पावलाला बोटाचं पेर लावलं.

"पोरी," ते म्हणाले, "दे तिला इकडे."

पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. अधेमधे 'म्हणावं' नव्हतं.

मी शाल लपेटून पाठ वळवली आणि बाळ मागे सरकवलं. कपड्यांची सळसळ झाली. वळून पाहिलं तर नाना भिंतीला पाठ टेकून बसले होते. सदरा उघडा होता आणि आत एक फलालीची बंडी होती, पुढून बंदांची, छातीशी रुंद खिसा असलेली. पिलाला कांगारू घेतं म्हणतात तसा खिसा. नानांनी लेकीची दुपटी सोडवली, टोपडं आणि लंगोट तेवढं ठेवलं, आणि तिला त्या खिशात उघड्या छातीवर पालथं घातलं. बेडकासारखे पाय पोटाशी, मान एका कुशीला. अगदी गांगुर्डे सिस्टर घालत तसं. मग बंद बांधले, वरून सदरा, त्यावरून घोंगडी.

ही बंडी कुठून आली, कधी शिवली, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

"नाना, दवाखान्यात नेऊ या का?"

"सुमनच्या घरच्यांना सांगून ठेवलंय जीपचं. थोडं बघू. ऊब धरली नाही तर निघू." मग थांबून म्हणाले, "तू पांघरूण घे. तू उभी राहिलीस तर हिला दूध."

मी पडून त्यांच्याकडे बघत राहिले. नाना हलत नव्हते. आयुष्यभर हातात सुई नाही तर कात्री असलेला माणूस, दोन्ही हात घोंगडीखाली घालून, हनुवटी टोपड्याला लागेल न लागेल अशी ठेवून बसला होता. मधूनच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं रामनाम असेल. कान देऊन ऐकलं तर ते तिला सांगत होते: "हा काजा. हे बटण. आधी काजा करायचा, मग बटण लावायचं. उलटं केलं की माप चुकतं." बाळाशी काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून धंदा शिकवत होते.

बऱ्याच वेळाने घोंगडीतून कुरकुर आली. मग किंचित रडं, मग चांगलं दणदणीत रडं. नानांनी हात आत घातला, पाऊल चाचपलं.

"आली," ते म्हणाले. "गरम आली. वाटी दे."

तिने सगळं दूध संपवलं.

वीज चार दिवसांत आली नाही, आठवडा गेला. नाना मशीनवर बसले नाहीत. तोंडावर लग्नसराईची कामं होती. माणसं यायची, ओसरीवरून हाका मारायची. नाना घोंगडी गुंडाळून बाहेर जायचे आणि एका हाताने मापं घ्यायचे, दुसरा हात छातीवर. टेपचं टोक गिऱ्हाइकालाच धरायला लावायचे. मी खिडकीच्या पोत्याच्या फटीतून ऐकायचे.

"काय नाना," एकदा कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "म्हातारपणी बाळंतीण झालात की काय?"

"झालो," नाना म्हणाले. "छाती किती फुगवतोस, सोड. कोट सैल होईल."

एक दिवस मी भाकरी करायला उठू शकले. मग एक दिवस मांडी घालून बसू शकले. ताप उतरला, टाके सुकले. सकाळी दूध पाजून झालं की मी लेकीला नानांच्या बंडीत देई आणि दुपारी ती परत माझ्या छातीवर येई. रात्री तर माझीच. देण्याघेण्यात पाठ वळवायची रीत आम्ही पाळत होतो, पण ती नुसती रीत उरली होती. नाना माझ्याशी बोलू लागले होते. फार नाही. "दूध पुरतं का?" "मेथी आणलीय." "हिला शिंक आली सकाळी, वाऱ्यावर नेऊ नको." एकदा म्हणाले, "तुझ्या सासूनं दिगंबरला असंच पदराखाली वाढवला. मला तेव्हा वाटायचं, ते बाईचं काम."

वीज आली तेव्हा दिवसाउजेडी आली, त्यामुळे आम्हाला कळलंही नाही. संध्याकाळी सुमनवहिनींनी दिवा लावला तेव्हा कळलं. हिटर कोपऱ्यात होता तसाच राहिला. त्या महिन्याचं बिल आलं ते नानांनी वाचलं नाही. बाळ छातीवर झोपलं होतं, चष्मा आत होता. बिल मशीनच्या टेबलावर कात्रीखाली पडून राहिलं.

हे बंगालहून आले ते भर दुपारी. ओसरीवर नाना खाटेवर उताणे, घोंगडी पांघरून, घोरत होते आणि घोंगडीतून एक टोपडं वर आलेलं. हे दारातच उभे राहिले. मी आतून खूण केली, आवाज करू नका. ह्यांनी पायातल्या चपला हातात घेतल्या आणि आपल्याच घरात चोरासारखे आत आले. डोळे भरले होते. म्हणाले, "मला आठवत नाही गं त्यांनी मला कधी उचललेलं."

माघ संपता संपता आम्ही बाळाचं वजन करायला दवाखान्यात गेलो. ट्रक भाड्याला गेला होता म्हणून मी आणि नाना एसटीने. गांगुर्डे सिस्टरनी लेकीला ताटात ठेवलं, काटा पाहिला आणि हसल्या.

"छान भरलीय. आता नाही बांधून ठेवायची गरज. तिची ऊब तिला आली. मोकळी झोपू दे."

"म्हणजे," नाना म्हणाले, "आता नको?"

"आता नको, नाना."

नानांनी मान हलवली. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावली आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले.

सिस्टर लेकीला कपडे घालत म्हणाल्या, "हेमलता, तू नशीबवान आहेस हं. आधी मला वाटलं होतं ह्यांना काही जमायचं नाही. इतके लाजत होते विचारायला."

"कधी विचारायला?"

"तुझे टाके धुवायला मी घरी येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सायकलवर आले होते इथवर. म्हणाले, सून तापात आहे, तिला धरवत नाही. हिटर लावलाय पण पोरीचे ओठ सुकलेत, आणि आमच्या विजेचा भरवसा नाही. म्हाताऱ्याच्या छातीला पुरेशी ऊब असते का? मी म्हटलं, असते की. पण विडी सोडावी लागेल, रोज सकाळी स्वच्छ आंघोळ हवी, धुतलेलं कापड हवं. सगळं नीट विचारून घेतलं. खिसा किती रुंद, मान कशी ठेवायची. मी म्हटलं, मी घरी येऊन सुनेला सांगते. तर म्हणाले, नको, तिला अवघडल्यासारखं होईल. तिनं आपलं लेकरू सासऱ्याच्या उघड्या अंगावर द्यायचं म्हणजे... मीच बोलेन तिच्याशी. बोलले ना?"

घरच्या दाराची चौकट मला दिसत होती, तिच्यावरून फिरणारा हात दिसत होता. इतके दिवस नाना वाक्याचा पहिला अर्धा भाग बोलून परत जात होते. खिशाची बंडी सदऱ्याच्या आत घालून येत होते, आणि दुसरा अर्धा भाग तोंडातच धरून मशीनवर जाऊन बसत होते.

"बोलले," मी सिस्टरना म्हटलं.

स्टँडवर एसटीला वेळ होता. ऊन चांगलं तापलं होतं. भाजीवाल्या पदर डोक्यावर घेऊन सावलीला सरकल्या होत्या. आम्ही बाकावर बसलो. लेक माझ्या मांडीवर मोकळी, हातपाय झाडत होती. नानांचे हात गुडघ्यांवर होते. सारखे उचलत होते, परत ठेवत होते. कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "ऊन आहे खरं. पण वाऱ्याला जरा..."

पुढचं बोलले नाहीत.

मी पाठ वळवली नाही. लेकीला उचललं आणि त्यांच्या हातांत दिलं. नानांनी सदऱ्याचं वरचं एक बटण काढलं, तिचं डोकं आपल्या गळ्याखाली टेकवलं आणि डोळे मिटले. एसटी आली, माणसं चढली. मी कंडक्टरला म्हटलं, आम्ही पुढच्या गाडीने येतो.